बर्लिनची २०२ चित्रे आणि ‘ताबा’ नावाची अडचण

नेपोलियनने व्हेनिसहून पॅरिसला नेलेले ब्राँझचे घोडे १८१५ मध्ये परत गेले. १९०७ च्या हेग करारात लूट निषिद्ध ठरली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तो धाब्यावर बसवला.

१९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत बेल्जियममधल्या गेंटच्या चर्चचे वेदीचित्र सापडले. ती नाझींची उघड लूट होती, बेल्जियमला परत द्यायची. जर्मनीतल्या मेर्कर्सच्या खाणीतला साठा मात्र निराळा. तो बर्लिनच्या संग्रहालयांचाच, बॉम्बपासून वाचवायला जर्मनांनी स्वतः हलवलेला. इजिप्तची राणी नेफर्टिटीच्या पुतळ्यासह त्यातले बरेच काही अमेरिकन सैन्याच्या व्हीसबाडेन इथल्या संकलन केंद्रात आले.

नोव्हेंबरमध्ये तिथे वरून हुकूम आला: किमान २०० श्रेष्ठ कलाकृती अमेरिकेला पाठवा. कारण दिले सुरक्षिततेचे. सैन्यातल्या ज्या कला-अधिकाऱ्यांनी लुटीचा माल शोधून काढला त्यांनाच आता पेट्या भरायच्या होत्या. ७ नोव्हेंबरला त्यांच्यातल्या २४ जणांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. गणवेशातल्या माणसांनी असे करणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांचा मुख्य आक्षेप एका शब्दाला होता. ‘संरक्षणासाठी ताबा’ हीच सबब सांगून व्यापलेल्या देशांतला कलाठेवा उचलणाऱ्या नाझींवर खटले भरायची तयारी तेव्हा चालू होती. मग आपण वेगळे कसे? चोरावर मोर, एवढेच.

२०२ चित्रे गेलीच. १९४६ मध्ये अमेरिकेतल्याच कलाअभ्यासकांनी ती परत पाठवा, असे निवेदन अध्यक्षांकडे दिले. १९४८ मध्ये वॉशिंग्टनला प्रदर्शन भरले, सुमारे ४० दिवसांत साडेनऊ लाखांवर लोक आले. १९४९ पर्यंत सगळी चित्रे जर्मनीत परतली. हुकमाचे समर्थक याच परतीकडे बोट दाखवतात. पण इतका गाजावाजा झाला नसता तर ती परतली असती का, हे ते सांगत नाहीत.

खऱ्या लुटीच्या मालाबाबत मित्रराष्ट्रांचा नियम होता: परतफेड देशाला, थेट मालकाला नव्हे. त्याचे परिणाम नंतर दिसले. फ्रान्सला सुमारे ६१ हजार वस्तू परत मिळाल्या. मालक न सापडलेल्या दोनेक हजार आजही तिथल्या संग्रहालयांच्या हवाली आहेत. २०१२ मध्ये नाझींसाठी काम केलेल्या एका कलाव्यापाऱ्याच्या मुलाच्या म्युनिकमधल्या फ्लॅटमध्ये हजाराहून जास्त कलाकृती निघाल्या, तेव्हा जुने प्रश्न पुन्हा वर आले.

सोव्हिएत सैन्याने बर्लिनहून नेलेले, प्राचीन ट्रॉय नगरीच्या उत्खननात मिळालेले सोने मॉस्कोतच आहे. तिथे शब्द ‘ताबा’ नाही, युद्धातल्या नुकसानीची ‘भरपाई’ आहे. १९९८ च्या रशियन कायद्याने असा ऐवज सरकारी मालकीचा ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी नाझी लुटीतल्या कलाकृतींबाबत बंधनकारक नसलेली तत्त्वे मान्य केली. त्यात रशियाही होता.