मिलची खरेदी ऑनलाइन करताना : आधी जीएसटी नंबर, मग ऑर्डर

मिलची ऑनलाइन खरेदीची खाती उघडून देणं, मागणी नोंदवणं आणि बिलं जुळवणं हे आमचं काम. हे पत्रक वणी, पांढरकवडा, हिंगणघाट भागातल्या आमच्या जिनिंग, दालमिल आणि शेतकरी उत्पादक कंपनीच्या ग्राहकांसाठी आहे. बेअरिंग, बेल्ट, मोटार, बारदाना ऑनलाइन मागवणं आता कोणालाच नवं राहिलं नाही. तरी दर महिन्याला रिटर्न भरायच्या तोंडावर तोच फोन येतो : "माल आला, पैसेही गेले, मग क्रेडिट का दिसत नाही?" (क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी, जो आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतो.)

दहातल्या आठ-नऊ वेळा कारण एकच असतं. सीझन चालू असतो, रात्री मशीन बंद पडतं आणि मिस्त्री किंवा सुपरवायझर स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या घरगुती खात्यातून ऑर्डर टाकतो. पत्ता मिलचा असतो, पैसेही मिलच्या खात्यातून जातात, पण बिल निघतं मिस्त्रीच्या नावाने आणि त्यावर मिलचा जीएसटी नंबर नसतो. त्या बिलाचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. फर्मचा खर्च म्हणून ते दाखवतानाही लेखापाल हरकत घेतो, आणि त्याचं चुकत नाही.

हिशोब करून पाहा. ऑनलाइन भाव ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२००, एकूण ४७,२००. गावच्या दुकानात तोच माल ४१,५०० रुपये, जीएसटी ७,४७०, एकूण ४८,९७०. वरवर ऑनलाइन माल १,७७० रुपयांनी स्वस्त दिसतो. पण दुकानदाराने मिलच्या नंबरावर बिल दिलं तर ७,४७० क्रेडिट मिळून माल पडतो ४१,५०० ला. नंबराविना मागवलेला ऑनलाइन माल पडतो पूर्ण ४७,२०० ला. म्हणजे स्वस्ताच्या मागे लागून ५,७०० रुपये गेले.

(दालमिलवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के कर आहे, त्याहून मोठ्या पोत्यातल्या डाळीवर नाही. बिनकराची विक्री जेवढी, तेवढ्या प्रमाणात क्रेडिट सोडावं लागतं. तुमचं प्रमाण लेखापालाकडून काढून घ्या, म्हणजे वरचा हिशोब तुमच्या मिलला नेमका किती लागू होतो ते कळेल.)

"मग आता बिल बदलून आणा" असं आम्हाला सांगितलं जातं. हे का जमत नाही, ते समजून घ्या. नंबर नसलेली छोटी बिलं विक्रेता आपल्या रिटर्नमध्ये राज्यवार एकत्र रकमेत टाकतो. तुमचं बिल त्या ढिगात जातं, तुमच्या नावाने कुठेच उमटत नाही. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की जे बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी चढवलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणाऱ्या तुमच्या यादीत दिसतं, त्याचंच क्रेडिट घेता येतं. माल निघाल्यावर बिलात नंबर घालायला बहुतेक ऑनलाइन बाजार सरळ नकार देतात. आम्ही मागे लागतो, पण खात्री देत नाही.

चूक लगेच लक्षात आली तर मात्र मार्ग आहे. माल रवाना झालेला नसेल तर ऑर्डर रद्द करा आणि फर्मच्या खात्यातून नव्याने टाका. माल येऊन पडला असेल आणि परत करायची मुदत शिल्लक असेल, तर पॅकिंग न फोडता परत पाठवा आणि पुन्हा मागवा. चार-सहा दिवस जातील, कर वाचेल. बेअरिंग शाफ्टवर चढलं की हा मार्ग बंद.

पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर अर्धा मिनिट थांबलात तर पुढचा सगळा त्रास टळतो. बिलाचं नाव फर्मचं आहे का, जीएसटी नंबर दिसतो का, तो बरोबर आहे का, एवढंच पाहायचं. नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर भागीदारी फर्मला एफ, कंपनीला सी आणि एकट्या मालकाला पी येतं. तुमची भागीदारी फर्म आहे आणि सहाव्या जागी पी दिसतो आहे, तर खात्यात कोणीतरी मालकाचा वेगळा नंबर भरून ठेवला आहे. असे घोटाळे एकाच घरात दोन-तीन धंदे असले की फार होतात.

विक्रेत्याचा नंबर २४ ने म्हणजे गुजरातचा किंवा ०७ ने म्हणजे दिल्लीचा सुरू होत असेल तर घाबरायचं कारण नाही. तिथे आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या खरेदीवरचा जीएसटी लागतो, आणि त्याचंही पूर्ण क्रेडिट मिळतं.

ऑफिस तालुक्याला आणि मिल खेड्यात असेल तर मिलचा पत्ता जीएसटी नोंदणीत व्यवसायाचं अतिरिक्त ठिकाण म्हणून चढवलेला हवा. बिल ऑफिसच्या पत्त्यावर आणि माल मिलवर, हे चालतं. नोंदणीत नसलेल्या गोडाउनवर माल उतरवणं चालत नाही.

क्रेडिट उशिरा का दिसतं

नंबर बरोबर असूनही क्रेडिट दिसत नाही, अशी उरलेली प्रकरणं तारखांची असतात. दरमहा रिटर्न भरणारा विक्रेता पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत बिलं चढवतो, तुमची २बी १४ तारखेला तयार होते आणि तुमचं ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, साधारण २० तारखेला असतं. तिमाही रिटर्नवाला छोटा विक्रेता मधल्या महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत चढवू शकतो, पण तसं बंधन त्याच्यावर नाही. त्याने नाही चढवलं तर तिमाही संपेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून मोठी रक्कम असेल तेव्हा दरमहा रिटर्न भरणारा विक्रेता निवडावा, भाव शे-दोनशेने जास्त असला तरी. आर्थिक वर्षातलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, त्यामुळे दिवाळीनंतर जुनी बिलं शोधत बसू नका.

आम्ही फोनवर मागणी का घेत नाही

यावर काहीजण नाराज होतात. "एक बेअरिंग सांगायला चिठ्ठी कशाला?" तर ऐका. "६२०५ पाठवा" असा निरोप येतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२. ६३०५ चा आतला व्यास तोच २५, पण बाहेरचा ६२. फोनवर दोन आणि तीन यांत गल्लत व्हायला वेळ लागत नाही, आणि मग आलेलं बेअरिंग हाउसिंगमध्ये, म्हणजे त्याच्या घरात, बसत नाही. शिवाय झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण आणि २आरएस म्हणजे रबराचं सील. डाळीच्या भुकटीत पत्र्याचं झाकण टिकत नाही, तिथे २आरएसच मागवावं.

यूसीपी २०८ या पायासकट येणाऱ्या बेअरिंगचं दुखणं वेगळं. ते ४० मिमीच्या शाफ्टसाठी असतं. जुन्या मिलमधला शाफ्ट पुष्कळदा दीड इंची, म्हणजे ३८.१ मिमी निघतो, आणि त्याला २०८-२४ लागतं. ४० चं बेअरिंग त्यावर ढिलं बसतं, ग्रब स्क्रू कितीही आवळा, शाफ्ट खाल्ला जातोच. व्हर्नियरने मोजून लिहा.

बेल्टवरचा नंबर पुसला गेला की मिस्त्री सुतळीने बाहेरून माप घेतात. बी सेक्शनच्या व्ही-बेल्टवरचा आकडा आतल्या घेराचा, इंचात असतो. बाहेरून मोजलं तर जवळपास पावणेतीन इंच जास्त भरतात. ७५ चा बेल्ट ७८ म्हणून येतो आणि मोटार मागे सरकवूनही ताण येत नाही.

म्हणून चिठ्ठीवर आम्हाला इतकं हवं : जुन्या पार्टचा नंबर दिसेल असा फोटो, मोजलेलं माप, नग, कोणत्या मशीनला लागणार, आणि मालकाची किंवा मुनीमजींची मंजुरी. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, पण लिहून. मागणारा, मंजूर करणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असू नये. अ‍ॅमेझॉन बिझनेससारख्या व्यावसायिक खात्यात ही सोय आहे : मिस्त्री माल निवडू शकतो, पण मालकाच्या मोबाइलवर मंजुरी मिळाल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही. मिस्त्रीच्या हातात मोबाइल राहतो आणि खर्चाची दोरी मालकाकडे. आम्ही खातं उघडून देतो तेव्हा हे सगळं लावूनच देतो.

इंडियामार्टसारख्या ठिकाणी गोष्ट निराळी आहे. तिथे मुख्यतः विक्रेत्याशी गाठ पडते, पुढचा भाव आणि पैसे तुमचे तुम्ही ठरवायचे. आगाऊ रक्कम देण्याआधी त्याचा नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून नोंदणी चालू आहे का पाहा, आणि बँक खात्याचं नाव त्या फर्मच्या नावाशी जुळवा. नाव वेगळं असेल तर पैसे टाकू नका. भाव विचारताना "पोच किती?" असंच विचारा. पॅकिंगचा खर्च, ट्रान्सपोर्ट, डिलिव्हरी गोडाउनवर की दारात, हे धरल्याशिवाय दोन भाव ताडून पाहण्यात अर्थ नाही. मोटारीसारखा जड माल नागपूरच्या गोडाउनपर्यंतच येतो आणि पुढची गाडी तुमच्या गळ्यात पडते.

जीईएम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजाराबद्दलही विचारणा होते. तिथे खरेदी सरकारी खाती आणि ग्रामपंचायतीसारख्या संस्था करतात. २०२२ मध्ये सहकारी संस्थांनाही परवानगी मिळाली. खासगी जिनिंग किंवा कंपनी कायद्याखालची उत्पादक कंपनी तिथे माल विकू शकते, खरेदी करू शकत नाही.

रात्री मशीन बंद पडलं आणि ट्रॉल्या रांगेत उभ्या असतील, तर ऑनलाइन शोधत बसू नका. जवळच्या दुकानातून घ्या, पक्कं बिल मिलच्या नंबरावर घ्या आणि मशीन चालू करा. ऑनलाइनचा खरा फायदा जुलै ते सप्टेंबरच्या ओव्हरहॉलमध्ये आहे, जेव्हा भाव ताडायला आणि चुकीचा माल परत करायला वेळ असतो. गेल्या सीझनला किती बेअरिंग, किती बेल्ट गेले याचा तक्ता खात्यातून उतरवून आम्ही मालकांना देतो, त्यावरून यंदाची यादी बनते. दर महिन्याला १४ तारखेनंतर खरेदीची बिलं २बी शी जुळवून, न दिसणाऱ्या विक्रेत्यांचा पाठपुरावाही आमच्याकडून होतो.

नवीन खातं उघडायला येताना जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, फर्मचा पॅन, रद्द केलेला चेक आणि मंजुरी देणाऱ्याचा मोबाइल सोबत आणा. ओटीपी त्याच मोबाइलवर येतो, म्हणून फोन घरी ठेवून येऊ नका.