नदीचं भांडण पाणी कमी पडल्यामुळेच होतं?

नदीवरून देश भांडतात ते पाणी अपुरं असतं म्हणून, हा समज फार जुना आणि अर्धवट आहे. मध्य आशियातली सिर दर्या ही नदी पाहा. वरच्या किर्गिझस्तानला टोक्टोगुल धरणातून हिवाळ्यात पाणी सोडायचं असतं, कारण विजेची गरज तेव्हा सर्वाधिक. खालच्या उझबेकिस्तान, कझाकस्तानला तेच पाणी उन्हाळ्यात शेतीला, मुख्यतः कापसाला, हवं असतं. सोव्हिएत काळात खालच्यांकडून वरच्यांना थंडीसाठी कोळसा नि गॅस मिळे, म्हणून पाणी उन्हाळ्यापर्यंत राखलं जाई. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटल्यावर ही देवाणघेवाण विस्कटली. मग भर हिवाळ्यात खाली पूर येऊ लागले आणि उन्हाळ्यात पिकं तहानली. मोडला होता तो इंधनाचा व्यवहार. झळ मात्र शेतकऱ्यांनी सोसली, याचं फार वाईट वाटतं.