पिळाला धरायचं कुणी?

शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रीळ काढा. वीतभर दोरा तोडून उजेडाला धरा आणि एक टोक चिमटीत घेऊन हळूहळू उलटं फिरवा. थोड्याच वेळात तो दोरा उमलतो आणि एकाचे दोन किंवा तीन बारीक दोरे होतात. आता खादीच्या एखाद्या जुन्या कापडाच्या कडेचं एक सूत ओढा आणि त्यालाही तसंच उलटं फिरवा. त्यातून दुसरं सूत निघत नाही. ते विस्कटतं आणि बोटांत कापसाची लव उरते. रिळावरचा दोरा पेडी, म्हणजे दोन-तीन सुतं एकत्र वळून केलेला; कापडातलं सूत एकेरी. दोन्ही कापसाचेच असले तरी त्यांची कामं वेगळी असतात.

कापसाचा एक तंतू जेमतेम बोटाच्या एका पेराएवढा. आपल्याकडच्या संकरित कापसाचा धरला तर साधारण 28 ते 30 मिलिमीटर. बोंड ओलं असतं तेव्हा हा तंतू रसाने भरलेली नळी असतो. बोंड उकललं की तो वाळतो, चपटा होतो आणि फितीसारखा स्वतःभोवती वळत जातो. हे वळसे एकमेकांत अडकतात, म्हणून कापूस कातता येतो. पण एवढ्याशा तंतूंपासून मैलभर लांबीचं सूत होतं ते पिळामुळे. पीळ दिलेलं सूत ओढलं की बाहेरचे तिरपे तंतू आतल्यांना आवळतात. घर्षण वाढतं आणि तंतू निसटत नाहीत. जितकं ओढाल तितकं सूत घट्ट धरतं. मला ही फार सुंदर गोष्ट वाटते.

मात्र पीळ वाढवत गेलं की ताकद एका मर्यादेपर्यंतच वाढते. तंतू फार तिरपे झाले की ओढीचा जोर त्यांच्या लांबीच्या दिशेने लागत नाही, आणि सूत कडक होऊन तुटू लागतं.

मी टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर, कातायला शिकले तेव्हा पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतून, ओढलेलं माझं पहिलं सूत कुठे वातीएवढं जाड होतं, कुठे केसाएवढं बारीक. शिकवणाऱ्या आजी म्हणाल्या, “पीळ बारकीकडं धावतो गं.” ते अक्षरशः खरं आहे. बारीक जागा वळायला सोपी, म्हणून पीळ आधी तिथे जमतो आणि जाड जागा पोकळ राहते. ताण जरा सैल केला, तर सूत लगेच मधेच दुमडलं आणि स्वतःभोवतीच गरगर गुंडाळलं. त्याची गाठच झाली असं मला वाटलं. आजींनी ती जागा नखावर धरून दाखवली. सुताचा पीळ एका दिशेला होता आणि गुंडाळी उलट्या दिशेला.

सगळी मेख इथेच आहे. पीळ म्हणजे सुतात साठवलेली ऊर्जा आणि ती सुटायला बघत असते. एकेरी सूत मोकळं सोडलं की ते उलट फिरून पीळ हलका करतं. दोन एकेरी सुतं शेजारी धरून मुद्दाम उलटा पीळ दिला, तर दोघांची सुटण्याची धडपड एकमेकांना अडवते. दोरा शांत होतो. लोंबता सोडला तरी फिरत नाही. शिवाय एकाची बारीक जागा नेमकी दुसऱ्याच्याही बारीक जागेशी येणं क्वचितच घडतं, त्यामुळे जाडीतला चढउतार कमी होतो. गणिताने तो दोन पेडांत एकेरीच्या सुमारे 70 टक्के उरतो. आणखी एक गंमत म्हणजे उलट्या पिळामुळे पृष्ठभागावरचे तंतू पुन्हा दोऱ्याच्या लांबीला जवळजवळ समांतर येतात, म्हणून पेडी दोरा हाताला नितळ लागतो. मात्र त्या उलट्या पिळात आतला थोडा पीळ सुटतो. पेड घालायचे असतील, तर मूळ सूत नेहमीपेक्षा जरा जास्तच पिळावं लागतं.

मग सगळंच सूत पेडी का करत नाहीत? कारण दुप्पट सूत लागतं, काम वाढतं आणि कापड जड होतं. मुख्य म्हणजे विणलेल्या कापडात त्याची गरजच नसते. तिथे ताणा-बाणा, म्हणजे उभी आणि आडवी सुतं, एकमेकांना जागोजाग दाबून धरतात आणि पीळ सुटायला वाव उरत नाही. अडचण असते ती मागावर असेपर्यंतच, कारण फणीतून घासून जाताना ताण्याच्या एकेरी सुताचे तंतू उसवतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारे त्यासाठी ताण्याला चिंचोक्याची खळ चढवतात. खळ वाळली की सुटे तंतू सुताला चिकटून बसतात. पेड घालण्याचं काम तेवढ्यापुरतं खळ करते.

टी-शर्टचं कापड मात्र फासे घालून गुंफलेलं असतं आणि फासा सैल असतो. त्यातलं सूत बहुधा एकेरी. कापसाच्या रेणूंमधले दुवे पाण्यात सैल होतात, म्हणून धुतल्यावर दबून बसलेला पीळ जागा होतो आणि प्रत्येक फाशाला किंचित कलंडवतो. हजारो फासे एकाच बाजूला कलले की बगलेखालची शिवण पोटावर येते. शिलाई वाईट होती म्हणून आपण शिंप्याला बोल लावतो, पण ही करणी सुताच्या पिळाची असते. याच पाण्याचा उपयोग कातणारे उलटा करतात. लडी भिजवून ताणून वाळवली की दुवे नव्या जागी जुळतात आणि पीळ बसतो.

शिवणाच्या दोऱ्याला असा कुणाचा आधार नाही. सुईच्या नेढ्यातून तो पुन्हा पुन्हा घासला जातो, म्हणून त्याला पेड लागतात. जानव्याचंही तसंच. कापडाचा आधार नसताना ते दिवसरात्र घाम, पाणी आणि घासणं सोसतं. तीन सुतं पिळून एक पदर, असे तीन पदर, म्हणजे नऊ सुतं.

हे माणसाला फार आधी उमगलं होतं. फ्रान्समधल्या आब्री द्यू मारास या निवाऱ्यात दगडी हत्याराला चिकटलेला जेमतेम 6 मिलिमीटरचा दोरीचा तुकडा सापडला. 2020 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय 40 हजार वर्षांहून जास्त, वळणारे हात निअँडरथल या आदिमानवांचे. झाडाच्या आतल्या सालीचे तंतू एका दिशेला पिळून तीन पेड केलेले आणि ते तिन्ही उलट्या दिशेला एकत्र वळलेले.