तोंडावरून चोर ओळखायचा जुना हव्यास

परवा सोलापूरच्या नव्या पेठेत एका दुकानात थांबले होते. उन्हाने रापलेली, कपाळावर गोंदण असलेली एक बाई मुलीसाठी परकराचं कापड बघायला आली. गल्ल्यावरच्या माणसाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कामाच्या पोराला डोळ्यांनी खुणावलं, लक्ष ठेव. बाईने पैसे मोजून दिले, कापड घेतलं, गेली.

ही खूण फार जुनी आहे. आपल्याकडे अंगावरच्या लक्षणांवरून माणूस जोखणारं सामुद्रिकशास्त्र होतं, युरोपात १७७५ पासून लाव्हाटर नावाच्या लेखकाच्या ग्रंथांनी मुखचर्येचं, म्हणजे चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचं, वेड लावलं. नाकावरून माणसाची पारख करणाऱ्या कॅप्टन फिट्झरॉयने चार्ल्स डार्विनला ‘बीगल’ जहाजावर घेण्याचं जवळजवळ नाकारलंच होतं. १८७६ मध्ये इटलीच्या लोंब्रोसोने ‘जन्मजात गुन्हेगार’ मांडला: मोठा जबडा, पुढे आलेली गालफडं. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगने हजारो कैद्यांची मापं घेतली आणि १९१३ मध्ये सांगितलं की असा वेगळा शारीरिक नमुना सापडत नाही.

सोलापूरला मात्र ‘जन्मजात’ हा शब्द पुस्तकात वाचावा लागला नाही. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, म्हणजे लोंब्रोसोच्याही आधीचा. त्यात चेहरा नव्हे, जात बघितली जाई, पण विचार तोच: लबाडी रक्तात असते. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यात आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माणसांना इथल्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं. काम गिरणीत, आणि हजेरी ठरलेली. काहीही न केलेल्या माणसाचीसुद्धा! ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा देशभरातून रद्द झाला. सेटलमेंट हे नाव मात्र सोलापुरात आजही चालतं. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला आणि नजर राहिलीच.

मधल्या काळात मोजपट्टी पुन्हा चेहऱ्यावर आली. गालाच्या हाडांमधली रुंदी भागिले वरच्या ओठापासून भुवईपर्यंतची उंची. २०१२ मध्ये हॅसलहुन आणि वाँग या संशोधकांनी लिहिलं की रुंद चेहऱ्याचे पुरुष सौद्यात जास्त खोटं बोलतात आणि फाशांचा आकडा स्वतःच सांगायचा असला की जास्त फसवतात. स्वतःला बलवान समजणं हा त्यातला दुवा. बायकांमध्ये हा संबंध दिसला नाही. बातम्या जगभर झाल्या. २०१७ मध्ये कोसिन्स्की या संशोधकाने १,३७,१६३ लोकांच्या चेहऱ्यांची आणि त्यांनी स्वतःच्या स्वभावाबद्दल दिलेल्या उत्तरांची पडताळणी केली. चेहऱ्याच्या या गुणोत्तरावरून स्वभाव सांगता आला नाही. ही बातमी तेवढी फिरली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मला जास्त पटतो तो २०१६ चा स्लेपियन आणि एम्सचा अभ्यास. चेहरा आणि फसवणूक यांचा जो संबंध त्यांना दिसला, त्याच्या मधोमध एक गोष्ट होती: लोक आपल्याला कसं जोखणार, याची त्या माणसाची स्वतःची अपेक्षा.

परकराचं कापड घेणाऱ्या बाईची मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. दुकानातून बाहेर पडेपर्यंत ती दोन्ही हात उघडे, पुढे धरून चालत होती.