सातपुड्यातली मोहाची भट्टी: पार्श्वभूमी

मोहफुलं, काजूबोंडं यांच्यापासून बनणाऱ्या मद्याला राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली देशीऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात बसवलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या गाळली जाणारी दारू कागदोपत्री विदेशी झाली! हसू येतं खरं, पण ही दारू कायद्याच्या कचाट्यात सापडली कशी, हे बघायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी भट्टीचं काम. मोह गळतो मार्च-एप्रिलात. फुलं रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत पडतात, म्हणून उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. फूल मांसल, फिकट पिवळं, साखरेने भरलेलं. वाळलं की मनुक्यासारखं तपकिरी होतं. ते खातात, विकतात, आणि काही मडक्यात भिजत घालतात. आंबवण वेगळं आणावं लागत नाही, फुलासोबत येतं तेवढं पुरतं. चार-सहा दिवसांत बुडबुडे थांबत आले की मडकं चुलीवर चढतं. तोंड चिखलाने लिंपायचं, बांबूची नळी बसवायची, दुसरं भांडं गार पाण्यात ठेवायचं. कसब लागतं ते जाळ सांभाळायला. जाळ मोठा झाला तर सडवा, म्हणजे आंबलेल्या फुलांचं पाणी, उतू जाऊन नळीत चढतो किंवा तळाला लागून करपट वास येतो. घाई केलेली दारू पिणाऱ्याला लगेच कळते. पहिली धार कडक, पुढची उतरत जाते.

ही दारू आधी देवाची. देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेला ती वाहतात. देवमोगरा आज गुजरातेत असलं तरी महाशिवरात्रीच्या यात्रेला नंदुरबारचे आदिवासी मोठ्या संख्येने जातात. लग्न, मयत, पंचांसमोर मिटलेलं भांडण, सगळीकडे धार टाकल्याशिवाय काम पुरं होत नाही.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातल्या भिल्लांचा बंदोबस्त हीच सुरुवातीची त्यांची मोठी डोकेदुखी; १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली ती त्यासाठीच. घरच्या भट्टीवर खरा घाला आला १८७८ च्या मुंबई अबकारी, म्हणजे दारूवरच्या कराच्या, कायद्याने. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा ठरला. सरकार तो ठेकेदारांना देणार, आणि दारू परवान्याच्या दुकानातून कर भरून घ्यायची. मुंबई इलाख्यात या ठेकेदारांत पारशी बरेच होते. अबकारी हे सरकारचं मोठं उत्पन्न होतं. त्यामुळे दारू प्यायला कुणाची हरकत नव्हती, स्वतःची गाळायला होती. ज्याच्या अंगणात मोह, त्यानेच दुकानातून उधारीवर दारू घ्यायची, आणि उधारी फेडताना जमीन गमवायची! अबकारीच्या इतिहासात महसुलाचे आकडे पुष्कळ सापडतात, ही बाजू क्वचितच येते.

दारूला विरोध मात्र सरकारआधी आदिवासींमधूनच उठला. शेजारच्या दक्षिण गुजरातेत १९२२-२३ मध्ये देवीची चळवळ पसरली. अंगात येणाऱ्या देवीचा हुकूम होता, दारू-ताडी सोडा. पुढे तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे (रंजनपूर) गुलाम महाराज उभे राहिले. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानाने ‘आप’ म्हणा, अशी त्यांची शिकवण होती. १९३८ मध्ये ते वारले, भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. ‘आप की जय’ हा नमस्कार त्या भागात आजही ऐकू येतो.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यात मोहफुलांचाही बंदोबस्त होता, म्हणजे फुलं बाळगण्या-नेण्यावरही निर्बंध. खाण्याच्या वस्तूवर दारूचा संशय! बंदी पुढे सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि साखर कारखान्यांच्या मळीपासूनची बाटलीबंद दारू राजरोस विकली जाऊ लागली. मोहाची भट्टी मात्र गुन्हाच राहिली. छाप्याच्या बातमीत तिच्या सडव्याला ‘कच्चे रसायन’ म्हणतात, आणि पंचनामा करून तो जमिनीवर ओततात.

त्याच काळात शहाद्यात श्रमिक संघटना आणि आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती यांचा लढा सुरू होता, प्रश्न जमिनीचा आणि मजुरीचा. त्यात १९७२-७३ मध्ये आदिवासी बायका दारूविरुद्ध बाहेर पडल्या. गावोगाव फिरून त्यांनी मडकी फोडली. मजुरी दारूत जाते आणि नवरा येऊन मारतो, ही त्यांची तक्रार होती. भट्टीचं कौतुक करणाऱ्याला ही मडकी टाळून पुढे जाता येत नाही. माझ्या मते सरकारच्या महसुली बंदीत आणि या बायकांच्या बंदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण चर्चेत दोन्ही एकाच पारड्यात पडतात.

मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले, आणि पुढच्या वर्षी वर्ग बदलला. सीमेपलीकडे मध्य प्रदेशाने याच सुमारास मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य ठरवून आदिवासी बचत गटांना गाळण्याची वाट करून दिली. खानदेशाला लागून असलेल्या अलीराजपुरात त्याचं काम सुरूही झालं. आपल्याकडे परवाना, कारखाना आणि बाटलीबंदीचं भांडवल उभं करणाऱ्यालाच नव्या वर्गाचा उपयोग. धडगावच्या चुलीवरचं मडकं त्यात बसत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे घटनेने आदिवासी म्हणून ठरवलेल्या भागातल्या, ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा १९९६ चा, त्याखालचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्यांनी मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. धडगाव आणि अक्कलकुवा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, म्हणजे हा अधिकार तिथल्या ग्रामसभांनाही आहे.