कापड गेले, पेमेंट अडकले: फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज कसा करायचा

व्यापाऱ्याच्या गोडाऊनला ताके (कापडाची थाने) पोचतात, ठरलेली पेमेंट धारा, म्हणजे उधारीची मुदत, उलटून जाते आणि मग ‘शेठ बाहेरगावी आहेत’, ‘पुढच्या सोमवारी बघू’ सुरू होते. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला यात नवे काही नाही. पण दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न पडता हे पैसे मागता येतील, अशी सोय 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यातच आहे. तिचे नाव सूक्ष्म व लघु उपक्रम फॅसिलिटेशन कौन्सिल, म्हणजे लहान उद्योगांची थकबाकीची प्रकरणे ऐकणारे राज्य सरकारचे मंडळ. तिथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. कागद मात्र पक्के लागतात, म्हणून ते कुठले आणि कधी तयार करायचे हे नीट समजून घ्या.

किती दिवसांत पैसे मिळायला हवेत

लेखी करार असेल तर करारातली मुदत धरतात, पण ती 45 दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. बिलावर 90 दिवसांची धारा छापली असली तरी कायद्यापुढे ती टिकत नाही. करार नसेल, आणि आपल्याकडचे बरेच सौदे दलालाच्या फोनवरच ठरतात, तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवस.

मुदत उलटली की व्याज सुरू. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या (ती बँकांसाठी जाहीर करते त्या व्याजदराच्या) तिप्पट, आणि दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर वर्षाला साडेसोळा टक्के होतात. चार लाखांच्या बिलावर सहा महिन्यांचे व्याज साधारण 34,000 रुपये निघते. हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणूनही दाखवता येत नाही.

अर्ज कोण करू शकतो

विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग असला पाहिजे. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत 25 कोटींची गुंतवणूक आणि 100 कोटींची उलाढाल अशी आहे. त्यामुळे गावातले बहुतेक कारखाने आत बसतात. मध्यम उद्योगाला हा मार्ग नाही. स्वतःचे सूत घेऊन कापड विकणारा आणि दुसऱ्याचे बिम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) घेऊन मजुरीवर विणून देणारा खर्चीवाला, दोघेही अर्ज करू शकतात. मजुरीचे बिल हेही बिलच आहे.

सूत किंवा कापडाची फक्त खरेदी-विक्री करणाऱ्यांनी मात्र थांबून विचार करावा. जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) मिळते, पण ती केवळ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती आहे. थकबाकी वसुलीचा लाभ तिच्यात येत नाही. म्हणून उद्यम प्रमाणपत्र काढून बघा. तुम्ही विणता, पण नोंदणी करून देणाऱ्याने काम ‘ट्रेडिंग’ म्हणून टाकले असेल, तर आजच दुरुस्त करून घ्या. अर्ज अडण्याचे हे अगदी साधे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे.

दुसरी गोष्ट नोंदणीच्या तारखेची. सर्वोच्च न्यायालयाने 2021 आणि 2022 च्या निकालांत सांगितले की व्यवहार झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या व्यवहाराला लागू होत नाही. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने वेगळे मत मांडून प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. या वादात आपला पैसा अडकवू नका. नोंदणी मोफत आहे, आधार, पॅन आणि जीएसटी क्रमांकावर ऑनलाइन होते. पुढचा ताका गाडीत चढण्याआधी ती करून ठेवा.

खरेदीदार कुठलाही चालतो. तो बालोत्र्याचा असो, पालीचा असो की जेतपूरचा, तुमचा कारखाना महाराष्ट्रात आहे तर प्रकरण महाराष्ट्रातल्याच कौन्सिलपुढे चालते. माझ्या मते या कायद्याची सर्वांत मोठी सोय हीच. पैसे मागायला राजस्थान-गुजरातच्या कोर्टात जावे लागत नाही.

कागद

उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, सगळी थकीत बिले, ऑर्डर किंवा सौदा चिठ्ठी, खातेउतारा, आलेल्या पेमेंटच्या बँक नोंदी, आणि मुद्दल व व्याज वेगवेगळे दाखवणारा हिशेबाचा तक्ता. भागीदारी किंवा कंपनी असेल तर सही करणाऱ्याचे अधिकारपत्र. ऑर्डर तोंडी असेल तर दलालाशी झालेले व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा.

पण सगळा भार ज्याच्यावर असतो तो कागद म्हणजे डिलिव्हरी चलन. कायदा म्हणतो, माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरायचे. चार महिन्यांनी ‘माल फॉल्टी होता, डॅमेज फार निघाले’ हा जो ठरलेला बचाव येतो, त्याला उत्तर हेच. मात्र माल कुठल्या दिवशी पोचला हे दाखवता आले पाहिजे. चलनावर ताका क्रमांक, प्रत्येक ताक्याचे मीटर, टेम्पोचा नंबर, आणि उतरवून घेणाऱ्याची नाव-तारखेसह सही व शिक्का हवा. नुसती ‘मिळाले’ अशी वाकडी सही नको. ड्रायव्हरला बजावून सांगा: सही झालेली प्रत घेतल्याशिवाय परत यायचे नाही. ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) निघाले असेल तर तेही जोडा.

जीएसटीचे विवरणही कामाला येते. तुमच्या बिलावर खरेदीदाराने इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतले असेल, तर मालच आला नाही असे त्याला म्हणता येत नाही.

अर्ज आणि पुढची वाट

ऑक्टोबर 2017 पासून अर्ज केंद्राच्या ‘समाधान’ नावाच्या पोर्टलवर होत असत. 2025 मध्ये केंद्राने याच कामासाठी ओडीआर (ऑनलाइन वाद-निवारण) पोर्टल आणले. उद्यम क्रमांक आणि त्याला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. तो नंबर बंद पडला असेल तर आधी बदलून घ्या. खरेदीदाराचा पत्ता आणि ईमेल अचूक भरा, कारण नोटीस तिथेच जाते. प्रत्येक खरेदीदारासाठी वेगळा अर्ज करा. अडले तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

अर्जाआधी नोटीस पाठवण्याची सक्ती नाही, तरी स्पीड पोस्टाने एक मागणीपत्र धाडावे. पुष्कळदा तेवढ्यावरच बोलणी सुरू होतात.

कौन्सिल आधी समेट घडवून बघते. इथे हप्ते ठरले तर ते लेखी आणि तारखांसह घ्या. समेट फसला तर प्रकरण लवादात जाते. कायद्यात 90 दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, आणि कागद अपुरे असतील तर आणखी लांबते. येणे निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करा. ‘देतो, देतो’ ऐकत बसण्यात ही वर्षे भुर्रकन जातात.

चेक परत आला असेल तर त्याची मुदत वेगळी धावते: बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. कौन्सिलकडे अर्ज केला म्हणून ती थांबत नाही. आणि खरेदीदार कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल, तर कौन्सिलऐवजी तिथल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (ती प्रक्रिया चालवणाऱ्या नेमलेल्या व्यक्तीकडे) मुदतीत दावा नोंदवावा लागतो.

निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला त्याविरुद्ध कोर्टात जायचे असेल, तर रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात. त्यातला काही भाग प्रकरण चालू असतानाच तुम्हाला देण्याचा आदेश कोर्ट करू शकते. तसा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.