काट्यावरचे वजन आणि ठोशातले वजन

डिसेंबरच्या अखेरीस आमच्या दारव्हा तालुक्यात तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात आणि रानडुकरांच्या व रोह्यांच्या धास्तीने निम्मे गाव रात्री जागलीला शेतावर असते. 2024 च्या 21 डिसेंबरची रात्रही तशीच होती. रियाधमध्ये अलेक्झांडर उसिक आणि टायसन फ्युरी या मुष्टियोद्ध्यांची दुसरी लढत सुरू झाली तेव्हा आपल्याकडे पहाट व्हायला आली होती आणि धुऱ्यावरच्या शेकोटीभोवती बसलेली चार पोरे एकाच मोबाइलमध्ये डोके घालून ती पाहत होती. तिन्ही पंचांनी 116–112 असे गुण देऊन उसिकला विजयी ठरवले. परंतु निकालाने वाद मिटला नाही, तो त्याहून जुन्या आणि चघळायला अधिक चांगल्या प्रश्नाकडे वळला. फ्युरी आणि अँथनी जोशुआ हे दोन ब्रिटिश हेवीवेट, म्हणजे सर्वात जड वजनगटातले मुष्टियोद्धे, समोरासमोर आले, तर कोण जिंकेल? ही लढत 2021 साली सौदी अरेबियात होणार हे जवळपास ठरले होते. पण फ्युरीने करारानुसार आधी अमेरिकन हेवीवेट डिऑन्टे वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढले पाहिजे, असा निर्णय अमेरिकेतील लवादाने दिला आणि बेत बारगळला.

“सव्वाशे किलोचा गडी हाय बे तो, नुसता अंगावर रेलला तरी समोरच्याचा दम निघते,” असे फ्युरीबद्दल एकाचे म्हणणे होते. “वजन काय चाटाचं हाय? जोशुआचा एक बसला का खेळ खतम,” असे दुसऱ्याचे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मला या भांडणात पदार्थविज्ञानाचा एक नेमका प्रश्न दिसला : माणसाच्या अंगावरचे वजन त्याच्या ठोशात कितपत उतरते?

हा प्रश्न हेवीवेट गटातच इतका टोकदार होण्याचे कारण नियमांत आहे. खालच्या गटांत दोन प्रतिस्पर्ध्यांच्या वजनात फार तफावत राहू दिली जात नाही. परंतु व्यावसायिक मुष्टियुद्धात 200 पौंडांच्या, म्हणजे 90.7 किलोच्या पुढे वरची मर्यादाच नाही. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर फ्युरी कपड्यांसह सुमारे 127 किलो भरला होता आणि उसिक 102 च्या आसपास. युरियाच्या अर्ध्या पोत्याहून जास्त फरक असूनही जड माणूस हरला, तोही त्याच वर्षी दुसऱ्यांदा.

ठोसा मोजण्याचे काम बरेच जुने आहे. 1985 साली इंग्लंडमध्ये फ्रँक ब्रुनो या हेवीवेटच्या ठोशाचे मोजमाप प्रसिद्ध झाले. त्याची मूठ सेकंदाला जवळपास 9 मीटर वेगाने लक्ष्यावर पोहोचत होती, त्यासाठी तिला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागत होता आणि आदळताना निर्माण होणारे कमाल बल 4096 न्यूटन, म्हणजे सुमारे चारशे किलोच्या भाराइतके होते. पुढे 2005 साली वेगवेगळ्या वजनगटांतील सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांना कृत्रिम डोक्यावर ठोसे मारायला लावले गेले. तेथे सरासरी वेग सेकंदाला 9.14 मीटर आणि ठोशामागचे ‘परिणामी वस्तुमान’ सरासरी 2.9 किलो आढळले. परिणामी वस्तुमान म्हणजे आदळण्याच्या क्षणी मुठीच्या पाठीशी जणू एकसंध होऊन जे वस्तुमान उभे राहते ते. पाट्यावरचा वरवंटा चौदा फुटांवरून खाली सोडला, तर जमिनीवर येताना त्याचा वेग साधारण एवढाच असेल, यावरून त्या धक्क्याची कल्पना यावी.

आता त्या अभ्यासातला खरा मुद्दा पाहू. जड गटातल्या खेळाडूंचे ठोसे अधिक जोराचे होते ते मुख्यतः परिणामी वस्तुमान अधिक असल्यामुळे. म्हणजे शेकोटीजवळचा पहिला पोरगा साफ चुकलेला नव्हता. वजनाचा फायदा असतोच. मात्र शंभर किलोच्या माणसाच्या ठोशात जाऊन पोहोचते ते वस्तुमान काही किलोच असते, आणि ते किती असावे हे काटा ठरवत नाही. ते ठरते पायांपासून. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर वळते, धड वळते, खांदा पुढे येतो आणि सगळ्यात शेवटी मूठ सुटते. 1985 सालच्याच एका सोव्हिएत अभ्यासात 120 मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांचे पृथक्करण केले होते. मुरलेल्या खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे 38 टक्के भरला, तर नवख्यांच्या ठोशात त्याच्या निम्म्याहूनही कमी. नवखा माणूस हाताने मारतो, मुरलेला जमिनीच्या आधाराने मारतो. तळवे सपाट टेकवून उभ्या राहिलेल्या, मागे रेललेल्या किंवा एका पायावर आलेल्या सव्वाशे किलोच्या माणसाचे वजन त्याच्यापाशीच राहते.

यात आणखी एक बारकावा आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली मिश्र युद्धकलेतील निष्णात खेळाडूंच्या स्नायूंचे विद्युत-संकेत नोंदवले, तेव्हा स्नायू दोनदा आकसत असल्याचे दिसले. पहिल्यांदा हालचाल सुरू करताना, दुसऱ्यांदा नेमके आदळताना, आणि मधल्या क्षणात ते सैल पडत होते. सैल हात वेग घेतो, ताठ हात वस्तुमान पुरवतो. दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत, म्हणून ते एकापाठोपाठ एक, सेकंदाच्या लहानशा अंशात साधावे लागतात. सुरुवातीपासून दात-ओठ खाऊन मारलेला ठोसा दिसायला भयंकर आणि लागायला हलका का असतो, याचे उत्तर इथे आहे.

ठोसा कुठे बसतो हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हनुवटी मानेच्या आसापासून दूर असल्यामुळे तेथे बाजूने बसलेले बल डोक्याला झटक्यात फिरवते, जसे दाराला बिजागरीपाशी रेटण्यापेक्षा कडीपाशी रेटणे सोपे जाते. कवटी फिरते, आतला मऊ मेंदू मागे राहतो आणि त्याच्या तंतूंवर ताण पडून शुद्ध हरपते. 1 डिसेंबर 2018 रोजी लॉस एंजेलिसमध्ये सुमारे 96 किलोच्या वाइल्डरने सुमारे 116 किलोच्या फ्युरीला बाराव्या फेरीत असेच आडवे केले होते. फ्युरी उठला आणि लढत बरोबरीत सुटली, ही गोष्ट वेगळी. येणारा ठोसा दिसला तर मान आधीच ताठ होते आणि डोके धडाशी जोडले जाते. म्हणजे परिणामी वस्तुमान मार खाणाऱ्याच्याही कामी येते.

परंतु ठोसा दिसणार कसा? डोळ्यांनी पाहून शरीर हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि ब्रुनोची मूठ त्याच्या निम्म्या वेळात पोहोचत होती. त्यामुळे कोणताही मुष्टियोद्धा मूठ पाहून चुकवत नाही. तो खांदा, कंबर, पुढच्या पायाचा अंगठा पाहतो. आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा धुरकरीही बैलाच्या धावण्याकडे नव्हे, धाव सुरू होण्याआधी वशिंडामागे येणाऱ्या ताणाकडे पाहत असतो. उंची आणि हाताची लांबी यांचा उपयोग याच ठिकाणी होतो. फ्युरीची उंची 206 सेंटिमीटर आणि पसरलेल्या हातांची लांबी 216. जोशुआचे हेच आकडे 198 आणि 208. लांब हात समोरच्याला दूर ठेवतो आणि दूर राहिलेल्या माणसाला प्रत्येक ठोशाआधी एक पाऊल टाकावे लागते. ते पाऊल आधीच चुगली करते.

लांबीचा तोटाही आहे. मुठीला वेग घ्यायला मोकळी जागा लागते आणि समोरचा छातीला भिडला की लांब हात घडी घातलेल्या खाटेसारखा निरुपयोगी होतो. 1 जून 2019 रोजी न्यूयॉर्कमध्ये 188 सेंटिमीटर उंचीच्या, पोट सुटलेल्या अँडी रुईझने जोशुआला चार वेळा खाली पाडून सातव्या फेरीत हरवले, ते असे आत शिरूनच. सहा महिन्यांनी जोशुआ साडेचार किलो हलका होऊन आला, रुईझ सात किलो जड होऊन, आणि जोशुआने बारा फेऱ्या त्याला हाताच्या अंतरावर फिरवत ठेवून गुणांवर विजय मिळवला. माणसे तीच होती. बदलले होते ते अंतर.

म्हणूनच ‘उसिकने जोशुआला हरवले, फ्युरीलाही हरवले’ अशा बेरजेतून काही निघत नाही. जो फ्रेझियरने 1971 साली मुहम्मद अलीला हरवले. 1973 साली जॉर्ज फोरमनने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. आणि 1974 साली किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत संपवले. गणितात याला असंक्रमी संबंध म्हणतात. आपली मुले हाताने दगड-कागद-कात्री खेळताना तेच करतात. (नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 साली पोलंडमध्ये मुष्टियुद्धाच्या 81 किलोवरील गटात युवा जागतिक सुवर्णपदक जिंकले, हे त्या चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, याची मात्र मला खंत वाटली.)

माझे मत त्यांनी विचारलेच. मी म्हणालो की, लढत सहाव्या फेरीपुढे गेली तर फ्युरी, कारण तो दुसऱ्याला सतत पाऊल टाकायला लावतो आणि शंभरावर किलो वाहणाऱ्या पायांना ती पावले महाग पडतात; पहिल्या चार फेऱ्यांत जोशुआचा मागचा पाय मधल्या अंतरावर दोन-तीनदा जरी पक्का रोवला गेला, तर जोशुआ. वजनाची बाजू घेणाऱ्या पोराला हे पटले नाही. त्याने रुईझची पहिली लढत शोधून तिसरी फेरी लावली आणि या वेळी मोबाइलच्या वरच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवला, म्हणजे फक्त पाय दिसतील.